उजवी बाजू आणि बावीस पोळ्या

ऑपरेशननंतर तेविसाव्या दिवशी सकाळी आरशासमोर उभी राहून मी ठरवलं, की आज डॉक्टरांशी भांडायचंच. उजवी बाजू डावीपेक्षा मोठी दिसत होती. डावी शहाण्या मुलीसारखी हळूहळू खाली उतरून मऊ पडत चालली होती. उजवी मात्र वरच हटून बसली होती, टणक, फुगलेली, आणि संध्याकाळपर्यंत आणखी ताठ व्हायची. ब्लाउज असो, कुर्ता असो, आरसा खोटं बोलत नव्हता.

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे अडखळायला नको. मी ऊर्मी निमकर, वय तेहतीस. चेन्नईत, तांबरमला राहते आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. स्तन मोठे करून घेण्याचं ऑपरेशन मी स्वतःच्या मर्जीनं करून घेतलं. मला हवं होतं म्हणून. शाळेत वर्गातल्या मुली मला कॅरम बोर्ड म्हणायच्या. पुढे कुणी काही म्हणायचं बंद झालं, पण मी स्वतःला म्हणत राहिले. ऑपरेशनच्या आधी नर्सनं फॉर्म भरताना विचारलं, "लग्न ठरलंय का?" मी म्हटलं, "नाही, माझ्यासाठी करतेय." तिनं त्या रकान्यात काय लिहिलं कोण जाणे.

ही गोष्ट एका माणसाला माहीत होती आणि एका माणसाला काहीही झालं तरी कळू द्यायची नव्हती.

माहीत होती ती शर्मिष्ठाला. ती नागपूरची, माझी कॉलेजातली मैत्रीण, नुंगंबाक्कमला एकटी राहते. ऑपरेशन तिच्या घराजवळच्याच एका क्लिनिकमध्ये झालं आणि पहिले पाच दिवस मी तिच्याकडे पडून होते. त्या पाच दिवसांत तिनं मला चमच्यानं खिचडी भरवली, केस विंचरून दिले आणि त्याबद्दल जन्मभर ऐकवण्याचा हक्क मिळवला.

कळू द्यायची नव्हती ती बाबांना. बाबा म्हणजे उमाकांत निमकर, मूळचे मिरजेचे. चौतीस वर्षं रेल्वेत रुळांची देखभाल केली, बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. आई सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात आम्ही दोघं आणि बोलायचे विषय चार: त्यांची शुगर, माझी कंपनी, पाण्याचा टँकर आणि मिरजेच्या काकांचा कोर्टातला दावा. या चारांत माझी छाती कुठे बसवणार होते मी? मी सांगितलं, पुण्याला ट्रेनिंग आहे, पाच दिवसांचं. बाबा म्हणाले, "बरं. शाल ने."

परत आले ती तीन आठवडे घरूनच काम करायची परवानगी घेऊन. घरात ओढणी घेऊन वावरणारी मी आयुष्यात पहिल्यांदाच झाले होते. बाबांनी काही विचारलं नाही. डॉक्टरांनी काय करायचं नाही याची लांबलचक यादी दिली होती, ती मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. स्कूटर नाही, व्यायाम नाही, इडलीच्या पिठाचं पातेलं उचलायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही. मी क्वालिटीची बाई. यादी हातात पडली की मी तिच्यापुढे मान तुकवते. दुधाची पिशवी घेतानाही मनात वजन करायचे.

आणि रोज सकाळी पोळ्या लाटायचे.

आता याला इलाज नव्हता. बाबा पस्तीस वर्षं चेन्नईत आहेत. इडलीला नावं ठेवत नाहीत, रसमचे भुरके मारतात, तमिळ पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. पण दुपारच्या ताटात पोळी नसली तर त्यांना जेवल्यासारखं वाटत नाही. दुकानातल्या अर्धवट भाजलेल्या पोळ्या एकदा आणून बघितल्या होत्या. बाबांनी एक हातात घेऊन वाकवून पाहिली, जशी एखादी चकती तपासावी, आणि परत ठेवली. पोळ्या बंद झाल्या असत्या तर बाबांचा पहिला प्रश्न तोच असता, का? त्या ‘का’चं उत्तर द्यायची माझी तयारी नव्हती. शिवाय यादीत पोळ्यांचं नाव नव्हतं. लाटणं दोन किलोचं नसतं आणि हात खांद्याच्या खालीच असतो. सगळं नियमात बसत होतं.

पहिल्या दिवशी सहा लाटल्या. तीन त्यांच्या, दोन माझ्या, एक वरची. दुसऱ्या दिवशी बाबा पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"आज दोन जास्त टाक."

"कुणी येणार आहे का?"

"नाही. चांगल्या होतायत सध्या."

मला गुदगुल्या झाल्या. माझ्या पोळीला बाबा कधी वाईट म्हणाले नव्हते, पण चांगलंही म्हणाले नव्हते. आईच्या पोळीला पदर सुटायचे, माझी पोळी फक्त गोल असते. मी आठ लाटल्या. दोन दिवसांनी दहा. पुढच्या आठवड्यात बारा, मग फुलके नकोत, घडीच्याच कर, अशी फर्माईश. मग सोळा. ते डबा भरून सकाळी फिरायला जाताना नेऊ लागले आणि मी विचारलं तर म्हणाले, "भूक लागते चालून." तिसऱ्या आठवड्यात आकडा बावीसवर गेला. निवृत्त, शुगरच्या माणसाला ही कसली भूक सुटली म्हणून मी वैतागले, पण बोलणार कुठल्या तोंडानं? आणि लाटत असताना ते रोज दारात उभे. पेपर उघडा आणि नजर माझ्यावर. वाटायचं, यांना ओढणीचा संशय आलाय. मी आणखी हसतमुखानं, आणखी भराभर लाटायचे.

इतकं झाल्यावर मी आरशासमोर उभी राहून डॉक्टरांना दोष देत होते, हे लक्षात ठेवा.

तपासणी अकराला होती. मी ‘ऑफिसात मीटिंग’ असं सांगून तांबरमहून गाडी पकडली. शर्मिष्ठा नुंगंबाक्कम स्टेशनवर उभीच होती. तिनं मला नखशिखान्त न्याहाळलं आणि रस्त्यातच म्हणाली, "दोन्ही एकाच दिवशी केल्या ना? मग एक लेट का धावतेय?"

"तेच विचारायला चाललेय."

"ओरडू नको फक्त. त्यांच्या हातात सुरी असते."

डॉक्टर विद्यालक्ष्मी पन्नाशीच्या, वेणीत मोगऱ्याचा गजरा, नाकावर घसरणारा चष्मा. त्यांच्याशी माझं बोलणं तमिळमध्ये, मध्येमध्ये इंग्रजी. तमिळमध्ये मला भांडता चांगलं येतं, मराठीत तेवढं येत नाही, कारण भांडायला समोर कुणी नसतं.

"डॉक्टर," मी सुरुवात केली, "माझ्या कामात एका जोडीतले दोन भाग असे वेगळे आले तर मी अख्खी पेटी परत पाठवते."

"माझ्याकडे परत घ्यायची सोय नाही, मा," त्या तमिळ लाडानं म्हणाल्या. "झोप इथे."

त्यांनी दोन्ही बाजू दाबून पाहिल्या, ताप विचारला, कातडीचा रंग पाहिला, सोनोग्राफी केली. पडद्याकडे बघताना त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि माझं भांडण तिथेच विरलं. मी शर्मिष्ठाचा हात धरला. तिनं नखं रुतताहेत म्हणून सोडवून घेतला आणि मग परत दिला.

"रक्त साचलेलं नाही," डॉक्टर अखेर म्हणाल्या. "जंतुसंसर्ग नाही. इम्प्लांट जागेवर आहे. सूज आहे, पण ती एकाच बाजूला आहे. थोडाफार फरक सगळ्यांत असतो. उजव्या हातानं काम करणाऱ्याची उजवी बाजू मागे राहते, ते मी आधीच सांगितलं होतं. पण मागे राहणं वेगळं. तुझी वाढतेय. काय करतेस तू?"

"काहीही नाही. यादीतलं एकही केलं नाही."

"स्कूटर?"

"नाही."

"इस्त्री? पाण्याचा कॅन? मूल आहे कुणाचं घरात, उचलून घ्यायला?"

"नाही, नाही, नाही."

"मग उठल्यापासून सांग. एकेक."

मी सांगू लागले. दात घासते. चहा करते. कणीक मळते, पण थोडीच.

"थांब," शर्मिष्ठा मध्येच म्हणाली. "थोडीच? काल फोनवर तूच रडत होतीस ना, की बाबांना बावीस पोळ्या लागतात म्हणून?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "पोळ्या म्हणजे चपाती?"

"हो."

"बावीस? आठवड्याला?"

"दिवसाला."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घरात किती माणसं आहेत?"

"दोन," मी म्हटलं, आणि उच्चारल्यावर मलाच तो आकडा फार विचित्र वाटला.

मग त्यांनी मला उठून उभं केलं, स्वतःचा तळहात माझ्या उजव्या छातीच्या वरच्या कडेला ठेवला आणि म्हणाल्या, "लाट." तपासणीच्या त्या खोलीत, निळ्या झग्यात, मी हवेत पोळी लाटू लागले. दोनच फेऱ्या झाल्या असतील. त्यांच्या हाताखाली माझा स्नायू बेडकासारखा उड्या मारत होता. मी खाली पाहिलं. प्रत्येक फेरीला उजवी बाजू वर उचलली जात होती, आणि डावी आपली स्वस्थ.

"इम्प्लांट या स्नायूच्या खाली आहे," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी तासभर तू त्याला व्यायाम देतेस. सुजेल नाही तर काय?" आणि मग जरा ओशाळून, "माझी चूक आहे. आमच्याकडे भात. यादी करताना चपाती डोक्यातच आली नाही." त्यांनी माझी कागदाची प्रत मागून घेतली आणि खाली पेनानं तमिळमध्ये लिहिलं: चपाती, कूडादु. म्हणजे, करायची नाही.

मला हसू येत होतं. ते त्यांच्या पुढच्या वाक्यानं गेलं.

"आजपासून बंद. पूर्ण. अजून दोन-तीन आठवडे हे असंच चाललं तर आतली जागा एका बाजूनं ताणली जाईल, आणि ती मग आपोआप जागेवर येत नाही. मला परत उघडावं लागेल. ते तुला नकोय आणि मलाही नकोय."

बाहेर येऊन आम्ही फिल्टर कॉफी घेतली. मी पेल्यातून डबऱ्यात, त्या पसरट वाटीत, कॉफी वरखाली करायला गेले आणि शर्मिष्ठानं हातावर चापट मारून ती स्वतः करून दिली. मी तोंड पाडून बसले होते. या एका गोष्टीसाठी मी चार वर्षं विचार केला होता, आणि ती मी पोळपाटावर घालवत होते.

"हात मुरगळला म्हण," शर्मिष्ठा म्हणाली.

"बाबा दहा मिनिटांत रेल्वेच्या हॉस्पिटलात नेतील. तिथला हाडांचा डॉक्टर त्यांच्यासोबत कॅरम खेळतो. तो म्हणेल खांदा दाखवा, एक्स-रे काढा, हा झगा घाला."

"मग सांगून टाक."

"कुठल्या शब्दांत? डॉक्टरांशी तो शब्द इंग्रजीतच निघतो. तमिळमध्ये जे शब्द येतात ते बसस्टॉपवर ऐकलेले आहेत. मराठीत तर फक्त सरकारी दवाखान्यातल्या पोस्टरवर वाचलाय. तो शब्द मी बाबांसमोर उच्चारू?"

"रागावतील?"

बाबा रागावत नाहीत, हेच तर होतं. ते मान खाली घालतील. ‘बरं’ म्हणतील. आणि त्यानंतर माझ्याशी बोलताना त्यांची नजर माझ्या मागच्या भिंतीवर राहील, पंखा, कॅलेंडर, काहीही. आमचे चार विषय आहेत, त्यांचे तीन होतील, मग दोन. आई गेल्यावर एवढंच उरलंय माझ्याकडे आणि ते मी एका हौसेपायी घालवून बसेन, याची मला भीती वाटत होती. हे मी शर्मिष्ठाला सांगितलं नाही. तिनं न सांगताच पाठीवरून हात फिरवला.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. बाबांनी चहा टाकला होता. दोन कप घेऊन ते बाहेर आले, माझा माझ्यासमोर ठेवला आणि खुर्चीत बसले. मी गाडीत पाठ केलेलं भाषण तोंडाशी आणलं. ते भाषण असं होतं, की आधी साधं, वरवरचं वाक्य बोलायचं, मग हळूच मुद्द्यावर यायचं.

"बाबा, उद्यापासून पोळ्या बंद हं," मी शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हटलं.

बाबांचा कप बशीत आपटला. चहा बशीभर झाला, मग मांडीवर. त्यांनी पुसलासुद्धा नाही.

"बंद म्हणजे?"

"म्हणजे मला लाटता येणार नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. हे मी पुस्तकातलं म्हणून सांगत नाही, खरंच गेला, ओठसुद्धा पांढरे पडले. मी उठून पाणी आणायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"कितवी स्टेज आहे?"

"कसली स्टेज?"

ते उठले, आत गेले आणि कपाटातल्या त्यांच्या जुन्या सर्व्हिस बुकातून एक कार्ड घेऊन आले. क्लिनिकचं भेटीच्या तारखांचं कार्ड. मी ‘पुण्याहून’ परतले त्या दिवशी ते माझ्या बॅगेतून दारात पडलं होतं आणि मी हरवलं समजून क्लिनिकमध्ये दुसरं मागून घेतलं होतं. कार्डावर वर ठळक अक्षरांत ‘ब्रेस्ट’, त्याखाली बारीक अक्षरांत बाकीचं. बाबांनी ठळक वाचलं होतं. आपल्याकडे त्या शब्दाच्या पुढे एकच आजार येतो.

"तेव्हाच विचारणार होतो," ते म्हणाले. "पण तू बोलत नव्हतीस. म्हटलं, हिला सांगायचं नाहीये, हिला वाटतंय बाप घाबरेल. घाबरलोच होतो. रात्रभर बसून होतो. आणि सकाळी तू उठून पोळ्या लाटायला उभी राहिलीस. तेव्हा जरा बरं वाटलं."

"पोळ्यांचं काय त्यात?"

बाबा खाली बसले. बोलताना ते माझ्याकडेच बघत होते.

"तुझी आई डायलिसिसहून यायची आणि कणीक भिजवायची. मी म्हणायचो, राहू दे. ती म्हणायची, मला करू दे, केलं की मी बरी आहे असं वाटतं. तू तेव्हा पुण्याला नोकरीला होतीस, तुला माहीत नाही. एक दिवस आल्यावर म्हणाली, आज पोळ्या बाहेरून आणा. त्या दिवशी मला कळलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, मला आधीच कळलं होतं. अकराव्या दिवशी गेली." त्यांनी मांडीवरच्या चहाच्या डागाकडे पाहिलं. "म्हणून मी दोन-दोन वाढवत होतो. म्हटलं, दहा लाटतेय ना, मग ठीक आहे. बारा लाटतेय, म्हणजे काल होती त्यापेक्षा बरी आहे. काल बावीस झाल्या तेव्हा देवासमोर दिवा लावला मी."

"आणि खात कोण होतं त्या?"

"मी चार. बाकीच्या पार्कात वाटायचो. तिथले सगळे वाट बघतात आता. राजगोपाल तर घरून लोणचं घेऊन येतो."

अठरा दिवस मी लपवण्यासाठी लाटत होते आणि ते जगवण्यासाठी वाढवत होते, आणि मधल्यामध्ये माझी उजवी बाजू फुगत होती. पाठ केलेलं सगळं भाषण डोक्यातून उडालं.

"बाबा, मला कॅन्सर नाही," मी म्हटलं. "काहीच झालेलं नाही. मी ऑपरेशन करून घेतलं. छातीचं. मोठी करून घेतली. मला लहान नको होती."

खाली कुणीतरी पाण्याच्या टँकरवाल्याशी हुज्जत घालत होतं.

"म्हणजे आजार नाही?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही. हौस म्हणून केलं."

"हौस म्हणून," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, तो कुठे ठेवावा हे न कळून परत घातला, परत काढला, आणि मग खांद्यावरचा पंचा तोंडावर घेऊन रडायला लागले. आई गेली तेव्हा हा माणूस पाहुण्यांना चहा विचारत हिंडत होता. मी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. मला जवळ घेताना त्यांनी हात माझ्या पाठीला टेकवला न टेकवल्यासारखा केला, कुठे दुखत असेल म्हणून.

थोड्या वेळानं पंचा खाली आला. कान लाल झाले होते, पण नजर भिंतीवर गेली नव्हती.

"मग लाटायचं का नाही?"

मी सांगितलं. स्नायू, सूज, उजवी, डावी. सांगताना पहिल्या दोन वाक्यांना जीभ अडखळली, नंतर सरळ चालली. बाबांनी चौतीस वर्षं रूळ मोजले. दोन बाजूंमधला फरक हा विषय निघाल्यावर त्यांच्यातला रेल्वेवाला जागा झाल्याशिवाय राहिला नाही.

"समान व्हायला किती दिवस?"

"पूर्ण बसायला तीन महिने म्हणतात."

"लागणारच. रुळाखाली नवी खडी टाकली की बसायला वेळ द्यावाच लागतो. तोवर गाडी हळू न्यायची. आमच्याकडे लोकांना घाई असते आणि मग," इथे त्यांना आपण कशाबद्दल बोलतोय ते आठवलं आणि त्यांनी एकदम बशी उचलून तोंडाला लावली. बशीत चहा नव्हता.

मी हसले. हसल्यावर टाके ओढले जातात, तरी हसले. तेही हसले, बशीच्या आडून.

त्यांनी दोन्ही कप एकात एक ठेवले, पण उठले नाहीत.

"आई असती तर तिला सांगितलं असतंस?"

खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता. "हो. तिला घेऊनच गेले असते."

बाबांनी मान हलवली. "मला त्यातलं काही कळलं नसतं," ते म्हणाले. "कदाचित नको करूस म्हणालो असतो. पण त्या दिवशी तू शुद्धीवर आलीस तेव्हा घरचं कुणी नव्हतं उशाशी. मी इथे बसून पुण्याचं हवामान बघत होतो."

शर्मिष्ठा होती, असं मी सांगणार होते. पण ते त्यांनी विचारलंच नव्हतं.

"पुढची तपासणी सोमवारी आहे," मी म्हटलं. "अकराला."

"मी बाहेर बसेन," बाबा म्हणाले.